सुई उचलायची नाही

साहेबांच्या घरी रेकॉर्ड लागण्यापूर्वी फ्रिज बंद केला जाई. नुसतं बटण दाबून त्यांचं समाधान होत नसे. ते स्वयंपाकघरात जाऊन प्लगच काढून ओट्यावर ठेवीत. मग पंखा बंद होई. मग भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक ते दोन बोटांनी, झोपलेल्या मुलाची चादर सारखी करावी तसा, हळूच थांबवीत. टेलिफोनचा रिसीव्हर काढून उशीखाली जाई. रस्त्याच्या बाजूच्या खिडक्या लागत. सर्वांत शेवटी त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, स्वयंपाकघरात जात आणि आतून दार ओढून घेत. हे शेवटचं इतक्या सहजपणे होई, की पहिली कित्येक वर्षं तेही त्या तयारीतच मोडतं हे माझ्या ध्यानात आलं नाही.

साहेब आता नाहीत. फोर्टातल्या ज्या विमा कंपनीत मी उमेदवारी केली, तिथे ते माझे वरिष्ठ होते. घराणं मुंबईतलं जुनं. आजोबांच्या मालकीची गिरगावात थोडीफार जागा होती असं म्हणत. साहेबांच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही, आणि एका वाडीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या तीन खोल्यांत त्यांचं आयुष्य गेलं. कचेरीत त्यांची ख्याती विक्षिप्त म्हणूनच होती. ते कोणत्याही पत्राचा कच्चा मसुदा करीत नसत. थेट शाईने लिहीत. शब्द चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ ओढीत आणि पुढे जात. खाडाखोड झाकणारा पांढरा रंग तेव्हा नवाच आला होता, त्याची बाटली कुणी त्यांच्या टेबलावर ठेवली, तर ते ती उचलून शिपायाच्या हाती देत आणि म्हणत, "हे कुणाचं तरी राहिलंय."

मला त्यांनी घरी बोलावलं ते निवृत्त झाल्यावर. मी परळचा. मिलच्या चाळीत वाढलो, शिकलो, नोकरीला लागलो. संगीताचं माझं ज्ञान गणपतीच्या मंडपातल्या लाउडस्पीकरापुढे कधी गेलं नव्हतं. हे मी त्यांना प्रामाणिकपणे सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही गप्प बसू शकता. एवढी वर्षं पाहतोय. तेवढं पुरे आहे." माझ्या बुजरेपणाची कुणी गुण म्हणून नोंद घ्यावी, असा तो आयुष्यातला पहिला आणि बहुधा शेवटचा प्रसंग.

त्यांच्याकडे रेकॉर्ड फार नव्हत्या. एका लाकडी कपाटाचे दोन खण भरतील इतक्याच. पण त्यातल्या बहुतेक एका विशिष्ट जातीच्या होत्या, आणि त्या जातीवर साहेबांची निष्ठा होती. त्यांना डायरेक्ट टू डिस्क म्हणतात. साहेब ते नाव नेहमी पूर्ण उच्चारीत. एरवी गाणं किंवा वाद्य आधी टेपवर घेतात, चुकलेलं कापतात, चांगलं जोडतात, आणि मग त्या टेपवरून रेकॉर्ड तयार होते. या जातीत टेपच नाही. कलावंत इकडे वाजवतात आणि त्याच क्षणी शेजारच्या खोलीत फिरणाऱ्या तबकडीवर सुई चर कोरत जाते. बाजू सुरू झाली की संपेपर्यंत थांबायचं नाही. दोन रचनांच्या मध्ये खोकायचंही नाही, कारण सुई चालूच असते. कुणी चुकलं तर एक तर चूक तशीच राहू द्यायची, नाही तर नवी तबकडी घेऊन पहिल्यापासून वाजवायचं. आणि त्या मूळ तबकडीवरून निघतील तेवढ्याच प्रती. साचा झिजला की संपलं. पुन्हा काढायला मागे टेप नाही.

"टेप म्हणजे खोडरबर," साहेब म्हणत. "ही माणसं शाईने लिहितात."

हे मी इथे शांतपणे लिहितो आहे. पण पहिल्या दिवशी त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा मला त्यात एवढं काय आहे ते कळलं नव्हतं. कळलं ते ऐकताना. खोलीत एकच चांगली खुर्ची होती, दोन स्पीकरांच्या बरोबर समोर. तिच्यावर त्यांनी मला बसवलं आणि स्वतः बाजूच्या दिवाणावर बसले. चार माणसं तंतुवाद्यं वाजवत होती. मी असं काही यापूर्वी ऐकलं नव्हतं, आणि आवडलं की नाही हेही सांगता आलं नसतं. पण थोड्या वेळाने मला असं वाटू लागलं, की त्या चौघांच्या पाठीवर घाम आहे. पुढे काय वाजवायचं ते त्यांना ठाऊक होतं, पण ते साधेल की नाही हे ठाऊक नव्हतं. एरवीच्या रेकॉर्डमध्ये सगळं घडून गेलेलं असतं. इथे ते अजून घडत होतं, आणि बिघडू शकत होतं.

बाजू संपली. साहेबांनी सुई उचलली, तबकडी पुसून पाकिटात घातली, आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "काय ऐकलंत?"

हा प्रश्न त्या घरात प्रत्येकाला विचारला जाई, आणि 'छान होतं' हे उत्तर चालत नसे. "छान म्हणजे?" असं ते लगेच विचारीत, आणि पाहुण्याची बोबडी वळे. मला तर एरवीही शब्द वेळेवर सापडत नाहीत. मी चाचरत म्हणालो, की मध्ये एकदा कुणाची तरी खुर्ची करकरली, आणि त्यानंतर कुणीतरी मोठा श्वास घेतला.

साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहून हाक मारली, "अहो, ह्यांना खुर्ची ऐकू आली. चहा टाका."

वहिनी दार उघडून बाहेर आल्या. "म्हणजे तुम्हीही त्यातलेच, भावजी," त्या म्हणाल्या. "त्या प्लेटीत साता समुद्रापलीकडच्या माणसाची खुर्ची वाजली, की ह्यांना ब्रह्मानंद. आमच्या बांगड्या वाजल्या की मात्र पाप."

बांगड्यांची हकीकत मला पुढे त्यांच्याकडूनच कळली. लग्नानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. वहिनी त्याच खोलीत मटार सोलत बसल्या होत्या, आणि दोन रचनांमधल्या शांततेत त्यांच्या बांगड्या किणकिणल्या. साहेब चिडले नाहीत. चिडणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. बाजू संपल्यावर त्यांनी अत्यंत आदराने विचारलं, की ऐकण्यापुरत्या त्या काढून ठेवता येतील का. वहिनींनी सांगितलं, तुमच्या प्लेटीसाठी सवाष्णीने हात ओकेबोके करायचे नसतात. आणि मटाराची परात उचलून त्या स्वयंपाकघरात गेल्या. पुढल्या वेळी त्या आधीच गेल्या. कुणी कुणाला दुखावलं नव्हतं. दोघांनाही तो तोडगा सोयीचा वाटला. तोडगा सोयीचा असला की तो किती काळ चालतो, याला काही सुमार नसतो.

साहेबांचा दुसरा नियम सुईचा. एकदा टेकली की बाजू संपेपर्यंत उचलायची नाही. यावरून त्या मजल्यावर घडलेला प्रसंग वाडीत अजून सांगतात. सकाळी नळाला पाणी यायची वेळ होती. वहिनींना त्यांच्या मंगळवारच्या भजनाच्या बायकांकडे जायचं होतं. त्या साहेबांना न्हाणीघरातलं पिंप भरलं की नळ बंद करायला सांगून गेल्या. साहेबांनी पाणी सुरू केलं, आणि पिंपाला वेळ लागेल म्हणून एक बाजू लावली. पिंप भरलं, वाहू लागलं, पाणी उंबऱ्याखालून खोलीत आलं. साहेबांनी पाय उचलून स्टुलावर घेतले. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर येऊन दार बडवू लागले, कारण त्यांच्या देव्हाऱ्यावर ठिबकत होतं. साहेब बाजू संपल्यावर उठले, नळ बंद केला, दार उघडलं आणि त्यांची मनापासून क्षमा मागितली. पण मी विचारलं तेव्हा म्हणाले, "त्या वाजवणाऱ्यांच्या घरीही नळ असतील. ते उठले नाहीत. मी ऐकताना उठू?"

याच कारणासाठी वरळीच्या एका डॉक्टरांशी त्यांचं जमलं नाही. डॉक्टरांचा फ्लॅट समुद्रासमोर, यंत्रसामग्री साहेबांच्या दहापट भारी, आणि रेकॉर्डचा नाद खरा. त्यांनी आम्हा दोघांना अगत्याने बोलावलं होतं. एक बाजू लागली आणि झांजेचा आवाज कुठून येतो ते डॉक्टर बोटाने हवेत दाखवू लागले. मग, आता हे ऐका, म्हणून त्यांनी सुई मध्येच उचलली आणि दुसरी रेकॉर्ड लावली. साहेब आदबीने उठले, घर सुरेख आहे म्हणाले, आणि चपला घालू लागले. खाली बसस्टॉपवर म्हणाले, "त्यांनी स्पीकर ऐकले. वाजवणारे बिचारे मध्येच राहिले."

आता त्या रेकॉर्डबद्दल सांगायला हवं, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

साहेबांचा एक मावसभाऊ बोटीवर इंजिनियर होता. त्यानेच बंदराबंदरांतून त्यांच्या बऱ्याचशा रेकॉर्ड आणल्या होत्या. बोटीची नोकरी सोडताना त्याने शेवटची म्हणून एक आणली. पियानो, डबल बास आणि ड्रम अशी तिघांची. कंपनी लहान, प्रती थोड्या काढलेल्या, साचा केव्हाच मोडीत निघालेला. तिच्यावरचं कारखान्यातलं पारदर्शक वेष्टन अजून फाडलेलं नव्हतं. साहेबांनी ती कपाटाच्या वरच्या खणात स्वतंत्र ठेवली आणि लावली नाही.

त्यांचं म्हणणं असं, की सुई दर वेळी चरीतलं थोडं घेऊन जाते. पहिल्यांदा ऐकताना जे असतं ते दुसऱ्यांदा नसतं; रेकॉर्डमध्येही नसतं आणि आपल्यातही नसतं. तेव्हा पहिली वेळ नीट यायला हवी. बाहेर शांतता हवी, सर्दी नको, सुई नवी हवी. "पहिल्यांदा एकदाच ऐकता येतं," ते म्हणत.

सुई नवी आली, पण तेवढ्यात गणपती आले. गणपती गेले आणि नवरात्र आलं. मग शेजारच्या इमारतीचा पुनर्विकास ठरला, आणि ती पाडून तिथे पाया खणणारं यंत्र उभं राहिलं. त्याच सुमाराला रस्त्याखाली मेट्रोचा बोगदा खणायला घेतला. वर्षानुवर्षं त्या वाडीच्या भिंती दिवसभर बारीक थरथरत होत्या. कपाटाच्या काचा वाजू नयेत म्हणून फटींत कागदाच्या घड्या खोचाव्या लागल्या. आमचं ऐकणं रविवारच्या दुपारपुरतं उरलं. मी कधी त्या वरच्या खणाकडे पाहिलं, की साहेब म्हणत, "हे खोदकाम संपू दे." वहिनी एकदा चहा देता देता म्हणाल्या, "लावा हो एकदाची. मुंबई कधी गप्प बसायची वाट बघताय?" साहेब हसले. मीही हसलो.

मग तो रविवार आला. नेहमीची तयारी झाली; पंखा, घड्याळ, टेलिफोन, खिडक्या. वहिनी आत गेल्या. चौघांचीच ती जुनी रेकॉर्ड लागली होती. साहेब डोळे मिटून दिवाणावर बसले होते. अगदी संथ जागा होती, एकच वाद्य वाजत होतं, आणि स्वयंपाकघरात फ्रिज धडधडून सुरू झाला.

प्लग काढायचा राहिला होता. मी दचकून साहेबांकडे पाहिलं. त्यांनी डोळे उघडले नाहीत. कपाळावर आठी नाही. फ्रिज घरघरत होता, आणि ते शांतपणे, समाधानाने ऐकत होते. स्वयंपाकघराचं दार किलकिलं झालं. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि दार पुन्हा लावून घेतलं. फ्रिज त्यांनी बंद केला नाही. मध्येच बंद झाला असता तर तेही साहेबांना कळलं नसतं, हे बहुधा त्यांना पाहायचं नव्हतं.

बाजू संपल्यावर साहेबांनी विचारलं, "काय ऐकलंत?" मी त्या एकट्या वाद्याबद्दल काहीतरी बोललो. जिन्यापर्यंत सोडायला वहिनी आल्या. हळूच म्हणाल्या, "दाराची बेलही ऐकू येत नाही हल्ली. कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं की विषय बदलतात."

पुढे डॉक्टरांना दाखवून झालं, कानाचं यंत्रही आलं. बोलण्यासाठी साहेब ते लावीत. रेकॉर्ड लावताना काढून डबीत ठेवीत. त्या यंत्रात कोणता आवाज मोठा करायचा आणि कोणता गाळायचा हे आधीच ठरलेलं असतं, असं त्यांचं म्हणणं. "म्हणजे पुन्हा टेपच," ते म्हणाले. मी वाद घातला नाही. मी कधीच घालत नसे. आता वाटतं, घालायला काही हरकत नव्हती. यंत्राबद्दल नव्हे, त्या वरच्या खणाबद्दल, आणि तेही खूप आधी. त्या बंद दाराबद्दलही. पण आम्ही तिघंही एकमेकांची अदब सांभाळण्यात वाकबगार होतो.

खोदकाम संपलं. वर रस्ता झाला, शेजारचा टॉवर पुरा होऊन त्यात दिवे लागू लागले. एका दुपारी वहिनींचा फोन आला. "भावजी, उद्या या. ते वेष्टन फाडायचंय म्हणतायत."

मी गेलो तेव्हा साहेबांनी धुतलेला सदरा घातला होता. खिडक्या लावताना माझ्या लक्षात आलं, की लावायची गरजच नाही. गल्ली खरोखरच शांत होती. इतकी शांत ती मी कधी अनुभवली नव्हती. त्यांनी आठवणीने प्लग काढला. कानाचं यंत्र डबीत ठेवलं. आज चांगल्या खुर्चीवर मी त्यांना बसायला लावलं. वहिनी आत गेल्या आणि दार ओढून घेतलं. साहेबांनी नखाने वेष्टनाची कड उचकटली, तबकडी दोन तळव्यांत धरून प्लेअरवर ठेवली, सुई टेकवली आणि येऊन बसले.

पियानो सुरू झाला. मी खोटं सांगत नाही, ते तिघं त्या खोलीत होते. पियानो वाजवणारा वाजवता वाजवता पुटपुटत होता, हेसुद्धा ऐकू येत होतं.

थोड्या वेळाने साहेबांनी डोळे उघडले. माझ्याकडे वळून, एरवीपेक्षा बऱ्याच मोठ्या आवाजात विचारलं, "सुरू झालं?"

त्या घरात सुई टेकलेली असताना उच्चारलेले ते पहिले शब्द असावेत. मी मानेने हो म्हटलं. त्यांनी फिरणाऱ्या तबकडीकडे पाहिलं. डबी हाताशी होती. तिच्याकडे त्यांचा हात गेला आणि परत आला. सुई उचलायला ते उठले नाहीत. नुसते पाहत राहिले, ती आत आत सरकत होती तिकडे.

स्वयंपाकघराचं दार उघडलं. वहिनी पदराला हात पुसत आल्या. त्यांनी स्टूल ओढलं, आणि ते फरशीवर चांगलं खरखरलं. खुर्चीला लागून त्या बसल्या, साहेबांचा तळवा आपल्या मांडीवर घेतला, क्षणभर कान दिला, आणि भजनात धरतात तसा बोटांनी त्यावर ठेका धरला. प्रत्येक ठोक्याला बांगड्या वाजत होत्या. पियानो वाजत होता, आणि वर बांगड्या वाजत होत्या. साहेबांनी प्रथम हाताकडे पाहिलं, मग पुन्हा तबकडीकडे. लय बदलली तशी वहिनींची बोटं बदलली. मधल्या शांततेत बोटं थांबली, तेव्हा साहेबांनी मान डोलावली. तसं शेवटपर्यंत चाललं.

बाजू संपली. साहेब उठले नाहीत. त्यांनी माझ्याकडे न पाहता, आयुष्यात प्रथमच वहिनींना विचारलं, "काय ऐकलंत?"

वहिनींनी त्यांच्या कानाशी वाकून, मोठ्याने सांगितलं, "मला काय कळतंय त्यातलं. माझ्या बांगड्याच वाजत होत्या सगळा वेळ."

साहेबांनी त्यांचं मनगट धरलं. आपल्या कानाजवळ नेलं आणि बंद पडलेलं घड्याळ हलवून पाहावं तसं हलवलं. थांबले. पुन्हा हलवलं. मग दुसऱ्या कानाशी नेलं. वहिनी हात सैल सोडून बसल्या होत्या.

"वाजतायत?" त्यांनी मला विचारलं.

मी डबीतलं यंत्र त्यांच्यापुढे केलं. त्यांनी मान हलवून नको म्हटलं. मग मी जवळ जाऊन त्यांच्या कानाशी म्हणालो, "छान वाजतायत, साहेब."

"छान म्हणजे?"

वहिनींचा हात त्यांच्या हातात तसाच होता. मी म्हणालो, की पुढे पाटली आहे आणि तिच्यामागे काचेच्या हिरव्या बांगड्या. हात हलला की आधी काच वाजते, बारीक, एकदम तीन-चार ठिकाणी. मग पाटली येते. ती जाड आहे, एकदाच बोलते, आणि तिच्या धक्क्याने काच पुन्हा वाजते, पण पहिल्यापेक्षा हळू. वहिनी मी सांगत होतो तसा हात हलवत होत्या.

साहेबांनी डोळे मिटून घेतले.